दोरी ओढल्यावर कोण धावत येतं?

मंडळी, मनुष्यबळाच्या धोरणाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते, 'चांगली माणसंच मिळत नाहीत हो!' अशा वेळी मी फ्रीमाँटची गोष्ट सांगतो.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातून विस्तव जात नसे. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात. १९८२ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. मग टोयोटाशी भागीदारी झाली आणि १९८४ मध्ये तोच कारखाना 'नुम्मी' या नावानं पुन्हा सुरू झाला. युनियन तीच, आणि कामावर घेतलेले बहुतेक कामगारही जुनेच. तरी गैरहजेरी पार खाली आली आणि गाड्या उत्तम निघू लागल्या.

मग बदललं काय? पूर्वी एकच दंडक होता, गाड्या जोडायची लाइन थांबता कामा नये. बोल्ट चुकीचा बसलाय हे डोळ्यांना दिसत असलं तरी गाडी पुढे ढकलायची, दुरुस्तीचं नंतर बघू. आता लाइनीच्या कडेनं दोरी आली. अडलं की ओढायची. दिवा लागतो, धून वाजते, टीम लीडर धावत येतो. पुढाऱ्याची खरी परीक्षा मला इथे दिसते. आल्या आल्या तो 'कोणी ओढली?' म्हणतो की 'काय अडलंय?' म्हणतो? पहिला प्रश्न दोन-तीनदा कानावर पडला की दोरीला कोणी हात लावत नाही. ती नुसती लोंबकळत राहते.

मी एका कंपनीत राजीनामा दिलेल्यांच्या मुलाखती घेत असे. कामात अतिशय तरबेज अशा एक बाई निघाल्या होत्या. फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न मी वाचला, 'आम्ही काय वेगळं करायला हवं होतं?' त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'हे दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर?' तो रकाना मी कोराच ठेवला. त्यानंतर मी जाणाऱ्यांपेक्षा राहणाऱ्यांशी जास्त बोलू लागलो. काय खटकतंय, काय शिकायचंय, कोणतं काम नकोसं झालंय, एवढंच विचारायचं. पण सहा महिन्यांच्या आत त्यातलं एक तरी मार्गी लावायचं. ते होत नसेल तर विचारूच नये, असं माझं ठाम मत आहे.

माणूस बिनधास्त बोलतो ते पोटाची काळजी नसेल तर. नुम्मीच्या करारात लिहिलेलं होतं की कामगार कमी करण्याआधी व्यवस्थापनाच्या पगाराला कात्री लागेल. पुढे १९८८ च्या सुमारास गाड्यांची मागणी घसरली. कंपनीनं कामगारांना घरी बसवलं नाही, प्रशिक्षणाला आणि कामातल्या सुधारणांना लावलं. तुमच्याही अंदाजपत्रकात मंदीसाठी एखादं पान असेल. त्यावर कपातीची पहिली ओळ कोणाच्या नावची आहे, ते आज परत गेल्यावर काढून बघा.