आधी एक तार ऐका
(सांगलीत गिटारच्या नव्या विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर दिलेलं व्याख्यान)

मिरज इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना तुम्ही कधी बघितलंय का? नसेल तर एकदा मुलांना घेऊन जा. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याचा, माथा कानशीनं किंचित घासतो, तार बसवतो, छेडतो आणि कान लावून बसतो. मग पुन्हा घासतो, पुन्हा छेडतो. त्या वेळी तो राग वाजवत नसतो, नुसती एक तार ऐकत असतो. क्लासिकल गिटारचे पहिले काही महिने असेच जायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. "सर, गाणं कधी वाजवणार?" हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात येतो. गाणं येईल, पण आधी सूर यायला हवा.

वाद्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. या गिटारला नायलॉनच्या तारा असतात. पूर्वी आतड्याच्या तारा असत, नायलॉन आलं ते १९४०च्या दशकात. आज आपण वाजवतो तो आकार १९व्या शतकात स्पेनमधल्या आंतोनिओ दे तोरेस या कारागिरानं घडवला. माझ्याकडे एका मुलीची गिटार आली होती. तारा तुटल्या म्हणून कुणीतरी स्टीलच्या चढवून दिल्या होत्या. घोडी मागच्या कडेनं इतकी उचलली होती की खाली पोस्टकार्ड सहज सरकत होतं. नायलॉनच्या सहा तारांचा ताण मिळून साधारण ४० किलो, स्टीलचा त्याच्या दीडपट ते दुप्पट. घोडी जिच्यावर चिकटवलेली असते ती गिटारची पातळ लाकडाची पाटी एवढा ताण कशी सोसणार? त्या मुलीचे डोळे भरून आले होते. तेव्हा दुकानात तारा मागताना "नायलॉनच्या" हा शब्द विसरू नका.

बैठक सोपी आहे. डाव्या पायाखाली छोटं स्टूल घ्यायचं, गिटारची कंबर डाव्या मांडीवर ठेवायची आणि खुंट्यांची बाजू साधारण डोळ्यांच्या उंचीला आणायची. खांदे सैल हवेत.

आता उजवा हात. खरी मेहनत इथे आहे. सतारीला मिजराब लागते, इथे आपलंच नख. तळवा समोर धरला की बोटाच्या टोकावरून नख जेमतेम डोकावलं पाहिजे. त्याची कड बारीक पॉलिश पेपरनं इतकी गुळगुळीत करा की रेशमी कापडावरून फिरवली तरी धागा अडकू नये. तारेला आधी बोटाचा मांसल भाग लागतो, मग नख तारेवरून सुटतं. नुसतं नख लागलं तर आवाज चिरका येतो, नुसतं मांस लागलं तर बोदा. बोट हलतं ते मुळाच्या सांध्यातून, टोकातून ओढायचं नाही.

बोटांची नावं स्पॅनिश आहेत, आपण त्यांची आद्याक्षरं वापरतो. अंगठा पी, तर्जनी आय, मधलं एम, अनामिका ए. करंगळी सहसा वाजवत नाही. आय आणि एम आपण चालतो तशी आलटून पालटून पडली पाहिजेत, एकच बोट लागोपाठ दोनदा नको. आघात दोन प्रकारचे. आपोयांदोमध्ये बोट तार वाजवून शेजारच्या वरच्या तारेवर टेकतं, सूर भरदार येतो. तिरांदोमध्ये ते न टेकता तळव्याकडे वळतं. माउरो जुलियानी या इटालियन गिटारवादकानं उजव्या हातासाठी १२० पाठ लिहिले. त्यातल्या पहिल्यात डाव्या हाताला फक्त दोन कॉर्ड, म्हणजे सुरांचे गट, आहेत. माझे विद्यार्थी तोच पाठ कितीतरी दिवस वाजवतात.

डाव्या हाताचा अंगठा गिटारच्या मानेच्या मागे, बोट फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, अगदी लगत. हळूहळू दाब वाढवा आणि तारेची खरखर थांबली की तिथेच थांबा. त्याहून जास्त दाबलं तर हात दुखेल, सूर सुधारणार नाही.

तारा जुळवताना गाणाऱ्या घरातल्या मुलांना सोपं जातं. सगळ्यात जाड, म्हणजे सहाव्या तारेपासून निघालं की शेजारच्या दोन तारांत सा-मचं अंतर असतं, फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात सा-गचं. म्हणून पाचव्या फ्रेटवर दाबलेली तार पुढच्या मोकळ्या तारेशी मिळते. तिसरी तार मात्र चौथ्या फ्रेटवर दाबायची. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा गिटारचा गंधार किंचित चढा लागतो. फ्रेट पक्के आहेत, सतारीच्या पडद्यासारखे सरकत नाहीत. ज्याला हा फरक ऐकू येतो त्याचा कान चांगला आहे, असं समजा.

चला, गिटार घ्या. डावा पाय स्टुलावर. अंगठा पाचव्या तारेवर टेकवा, अजून वाजवू नका. श्वास सोडा. आता वाजवा, आणि तो आवाज पूर्ण विरेपर्यंत कुणीही दुसरा आघात करायचा नाही.