पाठीतलं मिठागर

(पहाट. आगरवाडा, पेडणे तालुका, गोवा.)

शापोरा नदीला भरती आली की खारं पाणी बांधाच्या आत घेतात. ते एका चौकोनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत जातं, दर मुक्कामाला ऊन थोडं पाणी पितं आणि शेवटच्या चौकोनात मीठ धरतं.

ते ओढणाऱ्या काकांच्या पाठीत, कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला आणखी दोन मिठागरं चालू आहेत.

(कापलेला गुर्दा, म्हणजे मूत्रपिंड, जवळून.)

हा बकऱ्याचा, म्हापशाच्या बाजारातला. माणसाचा मोठा, साधारण 11 सेंटिमीटर लांब. पण बाहेरची कड वेगळी, आतला गाभा वेगळा, हे तिथेही असंच. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा थेट या जोडीकडे येतो.

(सूक्ष्मदर्शकाखाली.)

हे गोल गोल पुंजके म्हणजे केशिकांचे, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ. एकेका मूत्रपिंडात सुमारे 10 लाख. आत येणारी वाहिनी रुंद, बाहेर जाणारी अरुंद, म्हणून रक्त आत दाटतं आणि पाणी, मीठ, साखर, युरिया गाळून बाहेर पडतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे राहतात. हा गुच्छ एका पेल्यात बसलेला असतो आणि पेल्याच्या बुडातून नळी निघते, हे विल्यम बोमन यांनी 1842 मध्ये दाखवलं. पणजीतली वैद्यकीय शाळा त्याच वर्षीची. योगायोग, दुसरं काही नाही.

(निळं पिंप. शेजारी तराजू.)

दिवसाला 180 लिटर गाळलं जातं. या 200 लिटरच्या पिंपात वर थोडीच जागा उरेल. आणि तराजूत आहे ते दीड किलो मीठ, तेवढंच त्या पाण्यातून रोज जातं. शरीर ते जवळजवळ सगळं परत घेतं. नळीच्या पहिल्याच वळणावळणाच्या भागात दोन तृतीयांश पाणी माघारी फिरतं. साखर तर निरोगी माणसात पूर्ण.

पुढे नळी गाभ्यात खोल उतरते आणि वळसा घेऊन वर येते. वर चढताना ती मीठ बाहेर टाकते, पण पाणी सोडत नाही. त्यामुळे आजूबाजूचा गाभा खारट होत जातो, तळाशी रक्ताच्या चौपट दाट. इथे ऊन नाही, वारा नाही, तरी खारटपणा चढतो तो असाच, टप्प्याटप्प्याने. शेवटची नळी याच खारट गाभ्यातून खाली जाते, आणि तिची दारं उघडायची की मिटायची हे मेंदू सांगतो. अंगातलं पाणी घटलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून संप्रेरक सुटतं, दारं उघडतात, गाभा पाणी ओढून घेतो. मूत्राशयात पोचते ती लिटर-दीड लिटर लघवी. उन्हातल्या माणसाची त्याहून कमी, आणि गडद.

(भर दुपार. बांध.)

सावली नाही. पाण्याची कळशी आहे, बांधाच्या त्या टोकाला.

वर्षानुवर्षं पाणी कमी पडत राहिलं तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि ते निकामी झालं तर आठवड्याला बहुधा 3 वेळा, दर वेळी 4 तास, रक्त गाळणाऱ्या यंत्राला जोडून घ्यावं लागतं.

(काका कळशीपाशी. पहिला तांब्या. दुसरा.)

तासाभरात मेंदूचा निरोप मंदावेल आणि नळीची दारं मिटू लागतील. तोवर ओहोटी लागलेली असेल.