समासातली दोन शाया

हे पान जरा जवळून पाहू. मधोमध १५८८ साली पॅरिसमध्ये छापलेला मजकूर, आणि भोवतीच्या समासात दाटीवाटीनं हातानं लिहिलेलं बारीक अक्षर. हे अक्षर खुद्द लेखकाचं, फ्रेंच निबंधकार मीशेल द माँतेन्यचं. स्वतःच्या छापून झालेल्या निबंधांत तो १५९२ साली मरेपर्यंत भर घालत राहिला. बोर्दोच्या ग्रंथालयानं जपलेली ही त्याचीच प्रत. पुढे कधीतरी बांधणी करताना कडा कापल्या गेल्या आणि काही अक्षरं कायमची गेली.

प्रकरण मैत्रीवरचं आहे. एतिएन द ला बोएसी हा त्याचा जिवाभावाचा मित्र १५६३ साली गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. सतरा वर्षांनी, १५८०च्या पहिल्या आवृत्तीत माँतेन्यनं एवढंच लिहिलं: त्याच्यावर माझा इतका जीव का होता, असं कुणी खोदून विचारलं, तर ते शब्दांत सांगता येत नाही. पुढे काही नाही.

आता समासाकडे या. इथे उत्तर आहे: ‘कारण तो, तो होता.’ आणि त्याला लागून, ‘कारण मी, मी होतो.’

शाई बघा. दोन्हींची वेगळी आहे. म्हणजे पहिलं उत्तर लिहून लेखणी थांबली. मित्राबद्दल बोलून झालं होतं, स्वतःबद्दलचं अर्धं वाक्य यायला आणखी वेळ लागला.

छापील पुस्तकात मात्र ही ओळ एका दमात येते, सुविचारासारखी. मला ते फार खटकतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिएर व्हिले या अंध अभ्यासकानं आपल्या आवृत्तीत कुठला मजकूर कधीचा हे अक्षरांच्या खुणांनी दाखवलं: १५८०चा, १५८८चा आणि त्यानंतरचा. माँतेन्य वाचण्याची रीतच त्यानं बदलली. पण या दोन उत्तरांना खूण एकच मिळते. मधली थांबलेली लेखणी तिथेही दिसत नाही. त्यासाठी या पानापर्यंतच यावं लागतं.

आणखी एक पान उलटू. पहिल्या खंडातल्या ५७ प्रकरणांपैकी हे २९वं, बरोबर मधलं. इथे ला बोएसीची २९ सुनीतं छापलेली होती. माँतेन्यनं ती सगळी याच प्रतीत खोडली आहेत. एका सरदारपत्नीला उद्देशून लिहिलेली अर्पणपत्रिका तेवढी राहिली आहे, आणि त्याखाली त्याच्या हातची एक ओळ: या कविता इतरत्र पाहायला मिळतात.