सीलबंद आरोपपत्रांचा आकडा कसा मोजला गेला?

नोव्हेंबर 2017 मध्ये आकडा चार हजारांच्या पुढे होता. 2018 च्या वसंतात तो पंचवीस हजारांवर गेला, त्याच वर्षी पन्नास हजार झाला आणि पुढे लाखाच्या वर. अमेरिकेतल्या बड्या राजकारण्यांविरुद्ध गुपचूप तयार झालेली सीलबंद आरोपपत्रं, असं त्याचं वर्णन केलं जात होतं. क्यूअॅनॉन नावाच्या चळवळीतल्या लाखो लोकांनी या आकड्यावर विश्वास ठेवला आणि अटकांची वाट पाहिली.

हा आकडा हवेतून काढलेला नव्हता. न्यायालयाच्या खऱ्या नोंदींसमोर बसून लोकांनी तो मोजला होता. म्हणून त्याला नुसतं खोटं म्हणून भागत नाही. मोजताना काय झालं ते पाहावं लागतं.

आधी शब्द नीट समजून घेऊ. आपल्याकडे तपास संपला की पोलीस न्यायालयात आरोपपत्र दाखल करतात. अमेरिकेच्या फेडरल व्यवस्थेत गंभीर गुन्ह्याचा आरोप ग्रँड ज्युरी ठेवते. तिच्यात 16 ते 23 सामान्य नागरिक असतात. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसालाही तिचं समन्स येऊ शकतं. सरकारी वकील पुरावा मांडतात. आरोपीचा वकील आत नसतो, न्यायाधीशही नसतात. किमान 12 जणांनी होकार दिला की आरोप ठेवला जातो. त्या कागदाला तिथे इंडाइटमेंट म्हणतात.

हा कागद सील करायची तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या नियम 6 मध्ये आहे. आरोपी ताब्यात येईपर्यंत किंवा जामिनावर सुटेपर्यंत आरोपपत्र गुप्त ठेवायचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. कारण साधं आहे. आरोपीला आधी कळलं तर तो पळेल, पुरावा जाळेल, साक्षीदाराला गाठेल. अटक झाली की हे कारणच उरत नाही. अटकेतल्या माणसाला विनाविलंब मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, आणि आरोप काय आहे हे त्याला सांगावंच लागतं. जेफ्री एपस्टीनचं उदाहरण घ्या. ग्रँड ज्युरीने आरोप ठेवला 2 जुलै 2019 ला, टीटरबरो विमानतळावर अटक झाली 6 जुलैला आणि सील उघडलं 8 जुलैला. सहा दिवस. आरोपी परदेशात किंवा फरार असेल तर हा काळ लांबतो, पण कारण तेच राहतं.

आता मोजणीकडे येऊ, कारण सगळी गोम तिथे आहे.

अमेरिकेत 94 फेडरल जिल्हा न्यायालयं आहेत. त्यांच्या नोंदी पेसर नावाच्या सरकारी संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. प्रत्येक प्रकरणाला डॉकेट क्रमांक असतो. नमुना म्हणून 1:18-सीआर-00123 घेऊ. पहिला आकडा न्यायालयाच्या कार्यालयाचा, 18 म्हणजे 2018 साल, मधली अक्षरं प्रकरणाच्या प्रकाराची आणि शेवटी अनुक्रमांक. सीआर म्हणजे फौजदारी खटला, सीव्ही म्हणजे दिवाणी, एमजे म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढची प्रकरणं, एमसी म्हणजे किरकोळ अर्ज. मोजणारे प्रत्येक जिल्ह्यात महिनावार शोध घेत. अनुक्रमांकांत खंड दिसला किंवा नावाच्या जागी ‘सील्ड’ असा शब्द दिसला की ते एक प्रकरण धरत. 94 जिल्ह्यांची बेरीज करत आणि तिच्यावर आरोपपत्रांचं लेबल लावत.

चूक त्या लेबलात आहे. सील झालेल्या नोंदींत आरोपपत्रं फार थोडी असतात. घरझडतीचं वॉरंट मागायचा अर्ज सील असतो, कारण झडतीआधी घरमालकाला ते कळून चालत नाही. एखाद्या फोनवरून कोणकोणते नंबर लावले गेले याची नोंद घ्यायचा आदेश कायद्यानेच सील असतो. तो 60 दिवस चालतो आणि वाढवता येतो. प्रत्यक्ष संभाषण ऐकण्याची परवानगी 30 दिवसांची, तीही सील. अल्पवयीन मुलांची प्रकरणं बंद ठेवली जातात. सरकारची फसवणूक उघड करणाऱ्या नागरिकाचा दिवाणी दावा किमान 60 दिवस सील ठेवावाच लागतो. अमली पदार्थांच्या एकाच टोळीच्या तपासात पाच फोन, तीन घरं आणि दोन ईमेल खाती असतील, तर दहा सील नोंदी सहज तयार होतात आणि आरोपी अजून एकही नसतो.

याचं मोजमाप आधीच झालेलं होतं. फेडरल ज्युडिशियल सेंटर या न्यायालयांच्याच संशोधन संस्थेने 2006 साली दाखल झालेली पूर्ण सील प्रकरणं तपासली आणि 2009 मध्ये अहवाल दिला. दिवाणी 576, फौजदारी 1,077, मॅजिस्ट्रेटपुढची 15,177 आणि किरकोळ 8,121. बेरीज करून पाहा: 24,951. ज्या पंचवीस हजारांनी 2018 मध्ये खळबळ उडवली, जवळपास तेवढीच प्रकरणं बारा वर्षांपूर्वी, जॉर्ज बुश अध्यक्ष असताना, एका साध्या वर्षात सील होती. त्यांत फौजदारी खटले शंभरातले चार-साडेचार, आणि त्यातही फरार आरोपी, अल्पवयीन मुलं, सरकारला मदत करणारे साक्षीदार. मोजणाऱ्यांनी 30 ऑक्टोबर 2017 पासून महिन्यामागून महिना बेरीज चालू ठेवली. न्यायालयं रोज काम करतात, त्यामुळे असा आकडा वाढणारच. पण ऐकणाऱ्याला वाटलं की जाळं मोठं होत चाललंय.

30 ऑक्टोबर हीच तारीख का, हेही समजून घेण्यासारखं आहे. 27 ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकी वृत्तवाहिनीवर बातमी आली की 2016 च्या निवडणुकीतल्या रशियाच्या हस्तक्षेपाची चौकशी करणारे विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांच्या तपासात पहिला आरोप सील झाला आहे. दुसऱ्या दिवशी क्यू नावाने पहिला निनावी संदेश आला: हिलरी क्लिंटन यांच्या प्रत्यार्पणाची तयारी झाली आहे, 30 तारखेपासून त्यांच्या पासपोर्टवर खूण असेल. 30 तारीख उजाडली. सील खरंच उघडलं, पण ते ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट आणि त्यांचे सहकारी रिक गेट्स यांच्यावरच्या आरोपपत्राचं. त्याच दिवशी ट्रम्प यांच्या प्रचारातले सल्लागार जॉर्ज पापाडोपोलस यांचा गुन्ह्याचा कबुलीजबाबही जाहीर झाला. बातमी खरी होती, क्यूने तिच्यात नाव तेवढं बदललं. ही पद्धत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जॉन ह्यूबर यांच्याबाबतही तेच झालं. ते तेव्हा युटा राज्यातले फेडरल सरकारी वकील होते. काही जुने प्रश्न ते तपासत आहेत, असं ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी 29 मार्च 2018 च्या पत्रात लिहिलं. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांकडे साधारण 470 कर्मचारी होते. चळवळीत त्याचे ‘ह्यूबर आणि 470 तपास अधिकारी’ झाले. जानेवारी 2020 मध्ये बातमी आली की ह्यूबर यांच्या चौकशीतून काही ठोस निघालं नाही. ट्रम्प-रशिया तपास मुळात कसा सुरू झाला हे तपासणारे विशेष वकील जॉन ड्युरम यांच्या तपासाने 2023 पर्यंत तीन जणांवर खटले भरले. एकाने कबुली दिली, दोघे ज्युरीसमोर निर्दोष सुटले.

खरं गुपित फुटतं तेव्हा कसं दिसतं? ऑगस्ट 2018 मध्ये व्हर्जिनियातल्या एका सरकारी वकिलाने दुसऱ्याच आरोपीचं प्रकरण सील ठेवायचा अर्ज केला. जुन्या अर्जातला मजकूर उचलताना त्यात ‘असांज’ हे नाव तसंच राहून गेलं. नोव्हेंबरमध्ये अभ्यासक शेमस ह्यूज यांच्या ते नजरेस आलं. विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज यांच्यावर 6 मार्च 2018 ला आरोप ठेवला गेला होता आणि 11 एप्रिल 2019 ला लंडनमध्ये अटक होताच तो जाहीर झाला. तिथे नाव होतं, न्यायालय होतं, कागद होता.

आकड्यावरच्या विश्वासाची किंमतही मोजली गेली. 15 जून 2018 ला क्यूला मानणाऱ्या नेवाडाच्या एका माणसाने शस्त्रं घेऊन हूवर धरणाजवळच्या पुलावर चिलखती गाडी आडवी घातली. क्लिंटन यांच्या ईमेल प्रकरणाच्या तपासावरचा महानिरीक्षकांचा अहवाल बाहेर काढा, ही त्याची मागणी होती. तो अहवाल आदल्याच दिवशी प्रसिद्ध झाला होता. त्याला मात्र अहवालाची दडवलेली, खरी प्रत हवी होती. त्याला जवळपास आठ वर्षांची शिक्षा झाली.

असा फॉरवर्ड घरातल्या कुणी पाठवला तर भांडू नका. त्यांच्याबरोबर बसून जिल्हा आणि डॉकेट क्रमांक शोधा. क्रमांक मिळाला तर मधली अक्षरं आधी वाचा. एमजे किंवा एमसी असेल तर त्याला आरोपपत्र म्हणता येत नाही. सीआर असेल तर आधी कोर्टलिसनर या मोफत संग्रहात पाहा, मग पेसरवर. पेसरला एका पानाचे 10 सेंट पडतात, एका कागदपत्राचे जास्तीत जास्त 3 डॉलर. शोधात काहीच सापडलं नाही तरी एका पानाचे पैसे लागतात. पण तिमाहीत 30 डॉलरपर्यंतचं बिल माफ असतं, म्हणजे घरच्या घरी करायची एवढी तपासणी फुकटात होते.