तिकीट एकाचं, मॅच दुसऱ्याची

[दृश्य: प्रकाशझोतातलं स्टेडियम. धावफलक.]

५ मार्च २०२५. वडोदऱ्याजवळचं कोटंबी स्टेडियम. इंटरनॅशनल मास्टर्स लीग, म्हणजे निवृत्त खेळाडूंची स्पर्धा. ऑस्ट्रेलियाच्या माजी खेळाडूंनी वीस षटकांत एका गड्याच्या बदल्यात २६९ धावा कुटल्या आहेत. शेन वॉटसन नाबाद ११०, बेन डंक नाबाद १३२. मॅच खरं तर इथंच आटोपली.

पण भारताकडून सलामीला सचिन तेंडुलकर यायचा आहे. वय ५१. पुढच्या ३३ चेंडूंत तो ६४ धावा करतो, चार षटकारांसह. भारत ९५ धावांनी हरतो. एरवी भारत एवढ्या फरकानं हरला असता तर दुसऱ्या दिवशी कट्ट्याकट्ट्यावर चिरफाड झाली असती. इथं लोकांच्या मोबाइलवर फिरत राहिले ते सचिनचे षटकार.

निवृत्त खेळाडूंना पुन्हा खेळताना बघायला लोक पैसे मोजतील का? मोजतात. पण नेमके कशाचे मोजतात, ते या धावफलकात दिसत नाही.

[दृश्य: न्यूयॉर्क. बेसबॉलचं मैदान, मधोमध बाहेरून आणून बसवलेली खेळपट्टी.]

नोव्हेंबर २०१५. सचिन आणि ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू शेन वॉर्न आपापला माजी खेळाडूंचा संघ घेऊन अमेरिकेत गेले. न्यूयॉर्क, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस. तिन्ही मैदानं बेसबॉलची. स्वस्तातलं तिकीटही पन्नास डॉलरच्या घरातलं, म्हणजे चार जणांचं कुटुंब निघालं तर दोनशे डॉलरला फोडणी, पार्किंग वेगळंच. तरी न्यूयॉर्कच्या सिटी फील्डवर सुमारे ३६ हजार माणसं आली.

त्या दिवशी वॉर्ननं सचिनला बाद केलं. २६ धावांवर, कॅलिसच्या हाती झेल. शारजा आणि चेन्नईच्या १९९८ च्या उन्हाळ्यात ज्यांनी हे दोघे समोरासमोर पाहिले होते, त्यांचे पन्नास डॉलर त्या एका चेंडूतच वसूल झाले असणार. वॉर्नच्या संघानं तिन्ही सामने जिंकले, पण आज तो निकाल किती जणांना आठवतो? त्या मालिकेचा दुसरा हंगाम झालाच नाही. आणि मार्च २०२२ मध्ये वॉर्न गेला. आता कितीही डॉलर मोजा, ती जोडी पुन्हा बघायला मिळणार नाही.

[दृश्य: वानखेडे. चर्चगेटकडून येणारी गर्दी.]

७ मार्च २०२०, रोड सेफ्टी वर्ल्ड सिरीज, ही स्पर्धाही निवृत्तांचीच. वानखेडेवर सचिन-सेहवाग पुन्हा सलामीला. समोर ब्रायन लाराचा वेस्ट इंडिज संघ, लक्ष्य १५१. सचिन ३६, सेहवाग नाबाद ७४. जे बघायला माणसं आली होती, ते त्यांना मिळालं.

तीन दिवसांनी नवी मुंबईत, डी. वाय. पाटीलवर, सौदा वेगळा निघाला. समोर श्रीलंका, लक्ष्य १३९. चमिंडा वासचा चेंडू, कालुवितरणाच्या हाती झेल, सचिन शून्य. मग सेहवाग धावबाद, युवराजही एका धावेवर परत. ज्यांच्या नावावर तिकिटं खपली, ते तिघंही तंबूत! सामना काढला तो मोहम्मद कैफच्या ४६ आणि इरफान पठाणच्या नाबाद ५७ धावांनी. ३१ चेंडूंत ५७. त्यानंतर दोनच दिवसांत करोनामुळे स्पर्धा थांबली.

हे पुढंही होत राहिलं. याच स्पर्धेच्या २०२२ च्या अंतिम सामन्यात शतक ठोकलं नमन ओझानं, नाबाद १०८. २०२५ च्या मास्टर्स लीगच्या अंतिम सामन्यात, रायपूरला, अंबाती रायुडूनं ७४. दोघंही निवृत्त होऊन जेमतेम दीड-दोन वर्षं झालेली. त्यांच्या हाताची सवय गेलेली नव्हती. आपलं क्रिकेट बोर्ड खेळत्या पुरुष खेळाडूला परदेशी लीगमध्ये जाऊ देत नाही, त्यामुळे तिकडं जायचं म्हणूनही काही जण लवकर निवृत्ती घेतात. म्हणजे ‘निवृत्त’ या एकाच पाटीखाली पस्तिशीचा गडी आणि पन्नाशीचा काका शेजारी शेजारी उभे. पोस्टरवर मोठा फोटो मात्र काकांचा.

यात वाईट काही नाही. वऱ्हाडाला वाजंत्री लागते आणि नवराही लागतो.

[दृश्य: रिकाम्या खुर्च्या.]

फसतं कुठं? ऑक्टोबर २०२५ मध्ये श्रीनगरच्या बक्षी स्टेडियमवर अशीच एक लीग सुरू झाली. वेस्ट इंडिजच्या ख्रिस गेलसारखी बडी नावं होती. स्टँड बरेचसे रिकामेच राहिले. नोव्हेंबर लागता लागता आयोजक शहर सोडून निघून गेले, आणि खेळाडू, पंच हॉटेलात बिलांसकट अडकले. नाव छापलं की माणूस येतो, हा हिशेब कच्चा आहे. त्या नावाशी बघणाऱ्याचं काहीतरी जुनं देणंघेणं असावं लागतं. परीक्षा बुडवून ज्याची खेळी बघितली, ज्याच्या बाद होण्यावर घरातला टीव्ही बंद झाला, त्याच्यासाठी माणूस खिशात हात घालतो. गेल मोठाच, पण कुणाच्या आठवणीतला?

[दृश्य: मेलबर्न, जंक्शन ओव्हल. दुपार.]

९ फेब्रुवारी २०२०. ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या मदतनिधीसाठी सामना. सचिन तिथं प्रशिक्षक म्हणून आलेला. खांद्याच्या दुखापतीमुळे डॉक्टरांनी खेळायला मनाई केली होती. पण ऑस्ट्रेलियाच्या महिला संघातल्या एलिस पेरीनं जाहीरपणे विचारलं, एक षटक खेळाल का? तो तयार झाला.

दोन डावांच्या मध्ये तो पॅड बांधून आला. ना धावफलकावर त्याची नोंद होणार होती, ना निकालाशी त्याचा संबंध. पेरीनं पहिला चेंडू टाकला. त्यानं तो अलगद फाइन लेगकडे वळवला. चार धावा. त्या एका षटकानंतर तो परत फिरला आणि खरा सामना पुढं सुरू झाला.