मिठाच्या पिशवीवर तारीख लिहा

मंडळी, दिवाळीचा फराळ संपून डबे आता माळ्यावर गेले असतील. या दिवसांत माझ्याकडे येणारी माणसं दोनच वाक्यं बोलतात. 'उद्यापासून साखर बंद' किंवा 'उद्यापासून तळण बंद'. मी 'बरं' म्हणते आणि पंधरवड्याने आपणहून फोन करते, कारण तोवर ती माणसं यायची बंद झालेली असतात.

आपल्याकडे जेवण एकट्याचं नसतं, ही यातली खरी अडचण. आजोबांच्या रक्तदाबासाठी अळणी भाजी वेगळी करायची ठरली की गॅसवर दुसरी कढई चढली. ती चढवणारी, उतरवणारी बाई बहुतेक घरांत एकच असते. आठवड्याभरात ती कंटाळते, आणि तिचं काही चुकत नाही. त्यामुळे एकट्याच्या पथ्याआधी मी सगळ्यांच्या पातेल्याकडे वळते. तिथला बदल इतका हळू करायचा की पानावर बसलेल्यांना त्याचा पत्ता लागू नये. घरात घोषणा करू नका. घोषणा केली की भाजी चाखायच्या आधीच अळणी लागते!

हे एका अख्ख्या देशात करून झालेलं आहे. ब्रिटनमध्ये २००३-०४ च्या सुमारास सरकारने अन्न उत्पादकांच्या मागे लागून पाव, सॉस, तयार पदार्थ यांतलं मीठ टप्प्याटप्प्याने उतरवायला सुरुवात केली. २००१ ते २०११ या काळात तिथल्या पावातलं मीठ सुमारे २० टक्क्यांनी उतरलं. लोक पाव खातच राहिले. माणशी रोजचं मीठ त्याच सुमारास साडेनऊ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आलं. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि एकदा ती झाली की पूर्वीचीच आमटी खारट वाटायला लागते.

आता आपल्या घरचा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, तोही काठोकाठ नाही. चार मोठ्या माणसांना २० ग्रॅम धरले, तर किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरायला हवी. लोणचं, पापड, फरसाण, खारी यांतलं मीठ या पिशवीतून येत नाही, म्हणजे ती खरं तर ५० दिवसांच्याही पुढे जायला हवी. आज घरी गेलात की पिशवीवर पेनने तारीख टाका. पहिल्या पिशवीला काही बदलू नका, नुसती किती दिवस जाते ते बघा. पुढच्या पिशवीपासून कणकेतलं मीठ थोडं थोडं काढत न्या. भाकरीच्या पिठात बहुतेक घरांत मीठ घालतच नाहीत, कुणाचं काही अडत नाही. मग भात. आमटी-भाजीला हात सर्वांत शेवटी लावा, कारण चोरी तिथेच पकडली जाते.

इथे कुणीतरी सैंधव विचारणारच, म्हणून आधीच सांगते. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. रंग गुलाबी आहे म्हणून चमचा मोठा घेऊ नका. आणि 'लो सोडियम' लिहिलेल्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

काढायचं ते झालं, आता वाढवायचं काय ते बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शिका काढली. त्यातल्या २००० कॅलरींच्या ताटात कच्ची डाळ-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत. चौघांना ३४० ग्रॅम झाली. आपण चौघांसाठी एक वाटी तूरडाळ कुकरला लावतो, ती दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते, आणि वरण पातळ करून तीच दोन्ही वेळा फिरवतो. पण म्हणून उद्याच दुप्पट डाळ शिजवू नका. कडधान्यातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचा वायू करतात. एकदम वाढवलीत तर दुसऱ्या दिवशी सगळं घर तुमच्या विरोधात जाईल. आठवड्यातून एक उसळ वाढवा. मूग किंवा मटकी भिजवून, पाणी फेकून, मोड आणून घेतली तर त्रास कमी होतो. दोन-तीन आठवडे पोट निवांत राहिलं तर दुसरी उसळ. छोले, राजमा सावकाश.

कोशिंबिरीवर मात्र माझा जीव आहे. आपल्या पानात ती डावीकडे चटणी-लोणच्याच्या रांगेत वाढतात, त्यामुळे मापही लोणच्याचंच मिळतं, चमचाभर. तिला उजवीकडे भाजीच्या शेजारी बसवा. मार्गदर्शिकेत भाज्या दिवसाला ४०० ग्रॅम सांगितल्या आहेत, त्या एवढ्याशा भाजीने भरत नाहीत. रोज चिरायचं लक्षात राहत नाही, अशी तक्रार असते. त्यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला २०१० चा एक अभ्यास बघा. रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला नवं काम जोडलं, तर ते अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, काहींसाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून कुकर लावला की काकडी हातात घ्यायची. शिट्ट्या होईपर्यंत कोशिंबीर तयार.

चहाबद्दल थोडक्यात. तीन कप, कपाला दोन सपाट चमचे, म्हणजे २४ ग्रॅम साखर. वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं. म्हणजे बिस्कीट उघडायच्या आधीच कोटा संपला. दर पंधरा दिवसांनी कपामागे पाव चमचा कमी करा. गूळ घालत असाल तर तोही याच हिशेबात धरा.

वेळ होत आलाय, पण एक चिठ्ठी आली आहे. 'मधुमेहाची गोळी सुरू आहे, आई एकादशीला साबुदाणा सोडत नाही, काय करू?' साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. वाटी निम्मी करा, दाण्याचं कूट असू द्या, सोबत दही आणि काकडी द्या. राजगिऱ्याची भाकरी चालत असेल तर त्याहून बरं. पण काही गोळ्यांवर असताना जेवण एकदम कमी केलं तर साखर फार खाली उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात. त्यामुळे उपासाच्या आधी डॉक्टरांशी बोलणं जरुरीचं आहे. चिठ्ठी ज्यांची असेल त्यांनी जाताना मला भेटा. गोळीचं पाकीट किंवा त्याचा फोटो जवळ असेल तर तो दाखवा.