कुणाची वाटी, कुणाचा कप?

[दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. डिजिटल काटा. शेजारी पाच स्टीलच्या वाट्या, एकीच्या काठाशी नाव आणि तारीख घातलेली.]

या पाच वाट्या आमच्या घरातल्या. एक आईच्या रुखवतातली. दोन कुणाच्या तरी मुंजीत आलेल्या. एक शेजारून आमटी घेऊन आली ती राहिलीच, परत करायची म्हणता म्हणता शेजारी कोथरूडला राहायला गेले. आणि एक तुळशीबागेतली, मी स्वतः घासाघीस करून आणलेली.

काठोकाठ पाणी भरून एकेक काट्यावर ठेवली. ११८. १४४. १५०. १६५. आणि ही शेवटची, २१०. पाण्याचा हिशेब सोपा असतो, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. म्हणजे एकाच घरात, एकाच मांडणीवर, मोठी वाटी लहान वाटीच्या पावणेदोन पट.

तरी या घरात शिरा कधी बिघडला नाही.

कारण आई सांगते ते माप नसतंच मुळी. एक वाटी रवा, एक वाटी साखर, अडीच वाट्या पाणी. ते प्रमाण आहे. वाटी कुठलीही घ्या, फक्त मध्येच बदलू नका. मुंजीतली घेतलीत तर चार माणसांना पुरेल, तुळशीबागेतली घेतलीत तर सहांना. चव तीच.

[दृश्य : जुनी, कडा तपकिरी झालेली वही. शाईची अक्षरं. बोट एका ओळीवर थांबतं.]

ही आजीची वही. पान उघडलंय नानकटाईचं. "मैदा अच्छेर. पिठीसाखर पावशेर. तूप पावशेर. सोडा चिमूट. भट्टीतून भाजून आणणे." संपली कृती.

शेर म्हणजे ८० तोळे, आजच्या हिशेबानं ९३३ ग्रॅम. त्याचा अर्धा तो अच्छेर, पाव तो पावशेर, आठवा भाग नवटाक आणि सोळावा छटाक. नवटाक हा शब्द पुढे स्वयंपाकघर सोडून भलत्याच दुकानात गेला, तो विषय वेगळा. वजनमापांचा कायदा झाला १९५६ साली, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम बाजारात आले. शेर गेला, पण जिभेवरून नाही गेला. मंडईत आजही "पावशेर मटार द्या" म्हटलं की गाळेवाले काका काही न बोलता २५० ग्रॅम तोलतात. खरा पावशेर २३३ चा. सतरा ग्रॅम आपल्याला फुकट मिळतात असं वाटत असेल, तर पैसे २५० चेच घेतात, काळजी नसावी.

आता आजीचा अच्छेर म्हणजे अर्धा किलो आणि पावशेर म्हणजे पाव किलो धरून नानकटाई करून बघा. होते. अगदी तशीच होते. सगळंच सारख्या हिशेबानं वाढलं, दोनास एक, दोनास एक. तेच शिऱ्याचं गणित.

पण वहीत एक गोष्ट नाही. आच किती, ते नाही. वेळही नाही. त्याची गरजच नव्हती. मे महिन्यात पीठ मळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडून, वर पंचा टाकून मुलं ते बेकरीत घेऊन जायची. पाव काढून झाल्यावर भट्टी निवत आलेली असायची, त्या उरलेल्या धगीवर सगळ्या वाड्याच्या नानकटाया भाजून निघायच्या. किती अंश, हे भट्टीवाल्याच्या हाताला ठाऊक. आजीनं फक्त क्रियापद लिहिलं : आणणे.

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर निरोप. मागे ओटीजी, म्हणजे विजेवरचा लहान ओव्हन.]

आणि मग माझ्या मावसबहिणीचा न्यू जर्सीहून निरोप आला. बनाना ब्रेड. दोन कप मैदा, पाऊण कप साखर, एक स्टिक बटर, दोन लार्ज अंडी, तीन केळी, एक टीस्पून सोडा. ३५० डिग्री, एक तास. "अगं, काही नाही त्यात, तुला सहज जमेल."

मी रुखवतातली, दीडशेची वाटी घेतली. कप काय, वाटी काय. ३५० वर ओटीजी लावायला गेले तर आमची तबकडी २५० लाच संपते. म्हटलं, आहे तेवढा तरी पूर्ण लावू.

अर्ध्या तासात वरून कोळसा झाला आणि आत सुरी घातली तर लापशी बाहेर आली. शिवाय साबणासारखी चव. आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, "केळी चांगली होती."

[दृश्य : काट्यावर काचेचं भांडं. त्यात मैदा चाळला जातोय.]

चूक कुठे झाली ते बघू, कारण ती एक नव्हती.

अमेरिकेतला कप भरतो साधारण २३७ मिलिलिटर. ऑस्ट्रेलियातला २५०. जपानमधला २००, आणि भाताच्या इलेक्ट्रिक कुकरबरोबर जो प्लास्टिकचा पेला येतो तो १८० चा. तोही स्वतःला कपच म्हणवतो. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. टीस्पून मात्र सगळीकडे ५ वर एकमत आहे, तेवढं नशीब. रविवार पेठेत केकच्या सामानाच्या दुकानात मापाच्या कपांचे संच मिळतात, त्यातही काहींवर २४० आणि काहींवर २५० छापलेलं असतं. घ्यायच्या आधी उलटं करून बघा.

माझ्या दोन वाट्यांत मैदा आला दीडशे ग्रॅमच्या आसपास. हवा होता अडीचशे. साखरही त्याच हिशेबानं कमी. इथवर ठीक, प्रमाण सांभाळलं गेलं असतं. पण सोडा मी चमच्यानं घातला, आणि चमचा तिकडचाच पाच मिलिलिटरचा. केळी तीनच्या तीन. अंडी दोनच्या दोन. अर्धी कृती वाटीबरोबर आकसली आणि अर्धी तिथंच राहिली. शिऱ्यात असं होत नाही, कारण तिथे सगळंच वाटीनं जातं. तिकडच्या कृतीत कप, चमचे, नग आणि डिग्री असे चार वेगवेगळे हिशेब एकाच ओळीत बसलेले असतात.

म्हणून कप सोडा. ग्रॅम धरा. मैदा एक कप म्हणजे १२० ते १२५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, बटर २२७. पण मैद्याशी जरा थांबू.

[दृश्य : अगदी जवळून. कप पिशवीत खुपसून मैदा भरला जातो, सुरीच्या पाठीनं सपाट. काटा : १४८. मग चाळलेला मैदा चमच्यानं अलगद भरून, सपाट. काटा : १२१.]

तोच कप, तोच मैदा, तोच हात. सत्तावीस ग्रॅमचा फरक नुसता भरण्याच्या पद्धतीनं पडला. दोन कपांत चोपन्न. इतक्या जादा मैद्यानं केक विटेसारखा होतो आणि आपण दोष देतो बेकिंग पावडरला. "सपाट भरलेला कप" हा आग्रह धरला बोस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी, १८९६ साली. त्याआधी तिकडच्या पाककृतींतही अंड्याएवढं लोणी आणि चहाचा पेलाभर पीठ असंच चालायचं. म्हणजे आपल्या लिंबाएवढ्या गोळ्याला आणि आवळ्याएवढ्या चिंचेला कुणी हसायचं कारण नाही.

बटरची स्टिक ११३ ग्रॅमची. आपली लहान वडी १०० ची. एक अख्खी आणि वर दुसरीतला टवका घ्या. आणि आपलं पिवळं बटर खारं असतं, तेव्हा कृतीतलं मीठ गाळा. मिठाचीही गंमत आहे. तिकडे "कोशर सॉल्ट" लिहिलेलं असतं, ते जाड पापुद्र्यांचं, चमच्यात कमी मावतं. आपलं बारीक मीठ चमचाभर घातलं तर सहा ग्रॅम होतं, त्यांच्या एखाद्या जातीच्या जवळजवळ दुप्पट.

लार्ज अंडं म्हणजे कवचाशिवाय ५० ग्रॅम. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं फोडून तोललं तर ४३ भरलं. गावरान असेल तर आणखी कमी. आणि तीन केळी, म्हणजे कुठली केळी? वेलची केळी असतील तर तिनानं काय होणार. सोलून साडेतीनशे ग्रॅम तोला आणि मोजणं सोडा.

[दृश्य : ओटीजीची तबकडी. अंधारात आतली कांडी लाल होताना.]

आता डिग्री. ते ३५० फॅरेनहाइट होते. त्यातून ३२ वजा करा, पाचानं गुणा, नवानं भागा. १७७ सेल्सिअस. पाककृतींत हेच १८० म्हणून येतं.

पण पिठानं भरलेल्या हातांनी कोण भागाकार करतंय? सरळ निम्मं करा. ३५० चे १७५. ३२५ चे एकशे साडेबासष्ट, खरं उत्तर १६३. ४०० चे २००, खरं उत्तर २०४. ३२० ला तर निम्मं तंतोतंत जुळतं, १६०. केक, बिस्किटं, ब्रेड यांचं बहुतेक काम तीनशे ते चारशेमध्येच चालतं, आणि तिथे ही युक्ती चार अंशांपलीकडे चुकत नाही. पिझ्झासाठी ४५० लावायचं असेल तेव्हा मात्र भागाकार करा, निम्मं सात अंशांनी मागे पडतं.

ब्रिटिश कृतीत "गॅस मार्क ४" दिसलं तर तेही १८० च. आपल्या शेगडीच्या बटणाशी त्याचा काही संबंध नाही. आत पंखा फिरणारा ओव्हन असेल तर लिहिलेल्यापेक्षा वीस अंश कमी ठेवा, गरम हवा फिरती असली की पदार्थ लवकर भाजतो.

हे सगळं बरोबर केलंत तरी एक उरतंच. तबकडी खरं बोलते का?

[दृश्य : लहान पत्र्याच्या वाटीत चमचाभर साखर. ओटीजीत ठेवली जाते. काचेतून जवळून.]

साधी साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ओव्हन आधी नीट तापवून घ्या. तबकडी १७५ वर ठेवून चमचाभर साखर पंधरा मिनिटं आत ठेवा. दाणे दाण्यांसारखे राहिले पाहिजेत. मग १९० वर. आता वितळली पाहिजे.

आमच्याकडे १७५ ला साखरेचं तळं झालं. १७० लाही. १६५ वर एकदाची दाणेदार राहिली. म्हणजे आमचा ओटीजी वीसेक अंशांनी उत्साही निघाला. मी तबकडीपाशी चिकटपट्टी लावून पेननं बाण काढला. दिसायला वाईट दिसतं, पण दुसरा बनाना ब्रेड वाडग्यात नाही, ताटलीत वाढता आला.

"रूम टेंपरेचरचं बटर" या शब्दांवर मात्र उपाय सापडलेला नाही. ज्यांच्या खोलीत वीस-एकवीस अंश असतात त्यांनी ते लिहिलंय. पुण्यात एप्रिलच्या दुपारी बटर बाहेर ठेवून फोन घ्यायला गेलं की त्याचं तेल होतं. फ्रिजमधून काढा, तुकडे करा, दहा मिनिटांत घ्या. डिसेंबरात तासभर ठेवा.

[दृश्य : कढई, साखरेचा पाक. आईचे हात. कढईच्या काठाला अडकवलेला थर्मामीटर.]

हा थर्मामीटर मी नवा आणलाय. आज आई पाकातली खोबऱ्याची वडी करतेय आणि मी तिच्या हाताशी आहे, म्हणजे मध्ये मध्ये आहे. गोळीबंद पाक. पुस्तकी तक्त्यात त्याला ११२ ते ११६ अंश दिलेत. मी आकड्यावर डोळा ठेवून उभी.

१०८. १०९. आईनं वाटीतल्या पाण्यात एक थेंब सोडला, बोटांनी गोळा केला, चिमटीत दाबला.

"झाला. गॅस बंद कर."

काटा ११० वर होता. मी म्हटलं, "आई, दोन अंश कमी आहेत." तिनं माझ्याकडे न बघता स्वतःच गॅस बंद केला.

[दृश्य : दुसऱ्या शेगडीवर पातेल्यात खळखळ उकळणारं पाणी. थर्मामीटर आत. काटा चढतो आणि थांबतो.]

थर्मामीटर बिघडलाय का बघायला मी त्याला उकळत्या पाण्यात बुडवला. शंभर दाखवायला हवं. ९८ वर थांबला तो थांबलाच.

थर्मामीटर ठीक आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी दोनेक अंश आधीच उकळतं, आणि पाकही तितकाच आधी तयार होतो. तक्ता समुद्रकाठचा होता. महाबळेश्वरला हीच वडी करायला गेलं तर आणखी अडीच-तीन अंश आधी गॅस बंद करावा लागेल.

[दृश्य : आई खोबरं पाकात ढवळतेय. वाफ. मिश्रण कडेनं सुटायला लागलंय.]

हे सगळं मी तिला सविस्तर समजावून सांगितलं. तिनं ऐकलं.

"बरं. ते राहू दे, ताटाला तूप लाव आधी. इथेच थिजेल सगळं."